रीफ टाकीतलं शेवाळ: आधी भरीचं पाणी मोजा

कोरल (प्रवाळ) असलेल्या समुद्री मत्स्यटाकीतलं शेवाळ खरवडलं तरी पुन्हा येतंय? औषध आणण्याआधी, बाष्पीभवनामुळे रोज जे पाणी वरून भरता ते टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरने मोजा. पुण्यातल्या बऱ्याच घरगुती आरओंमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो; तो चवीसाठी मेम्ब्रेनमधून (आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातून) न गेलेलं थोडं पाणी परत मिसळतो. आपल्याला ते चालतं, पण त्यातले शेवाळाला पोसणारे नायट्रेट, सिलिकेट टाकीत साठत जातात, कारण उडून जातं ते नुसतं पाणी.

१. मेम्ब्रेनमधून येणारं पाणी कंट्रोलरच्या आधीच वेगळ्या नळीने काढा.
२. पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा) फिल्टर जोडा. मीटर ० दाखवायला हवा. आकडा चढू लागला की रेझिन बदला.

गोठवलेलं खाद्यही गाळणीत धुऊन टाका, तेवढंच फॉस्फेट (हेही शेवाळाचं खाद्य) कमी.

फॉस्फेट रिमूव्हर मात्र जपून. फॉस्फेट पार शून्यावर गेलं की कोरल फिके पडतात.