गूगल ॲड्सचे आकडे खालून वर वाचा (मामाच्या टाकी क्लीनिंगचा हिशोब)

माझ्या मामाचं पुण्यात धायरीला पाण्याच्या टाक्या साफ करायचं काम आहे, गच्चीवरच्या आणि जमिनीखालच्या दोन्ही. मागच्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून गूगलवर जाहिरात सुरू केली आणि महिन्याभराने मला फोन, "अरे ४००० लोकांनी बघितली म्हणे जाहिरात, मग गिऱ्हाईक कुठंय?" रविवारी लॅपटॉप घेऊन बसलो त्याच्याकडे. तेव्हा जे त्याला समजावलं तेच इथे लिहितोय, आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

४००० म्हणजे इम्प्रेशन. कुणीतरी गूगलवर काहीतरी सर्च केलं आणि रिझल्टच्या पानावर आपली जाहिरात आली, बास. त्या माणसाने ती वाचलीच असं काही नाही. त्यातल्या २०० जणांनी क्लिक केलं, म्हणजे सीटीआर (जेवढ्या वेळा दिसली त्यातले क्लिक किती) ५ टक्के. सर्च जाहिरातीत पैसे साधारणपणे क्लिकचे जातात, नुसतं दिसण्याचे नाही. महिन्याचा खर्च ५००० रुपये, भागिले २०० क्लिक, म्हणजे एक क्लिक सरासरी २५ रुपयांना पडला, हा सीपीसी.

इथपर्यंत सगळ्यांना कळतं आणि बहुतेक जण इथेच थांबतात. सीटीआर चांगला दिसला की खूष. पण ५ टक्के चांगला की वाईट हे नुसत्या आकड्यावरून सांगताच येत नाही हो, क्लिक कोण करतंय ते बघायला लागतं. त्यासाठी सर्च टर्म्स रिपोर्ट उघडायचा. आपण टाकलेले कीवर्ड (ज्या शब्दांवर जाहिरात दिसावी ते) वेगळे आणि लोकांनी खरंच टाइप केलेलं वेगळं, हा रिपोर्ट ते दुसरं दाखवतो (सगळंच नाही दाखवत, अगदी कमी लोकांनी केलेले सर्च लपवतो, पण दाखवतो ते पुरेसं असतं). मामाच्या रिपोर्टमध्ये काय होतं माहितीये? फिश टँक क्लीनिंग. १००० लिटर टँक प्राइस. टँक क्लीनिंग जॉब्ज इन पुणे. म्हणजे कुणाच्या घरातल्या माशांसाठी मामा २५-२५ रुपये मोजत होता. फिश, प्राइस, जॉब्ज हे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाकले, म्हणजे सर्चमध्ये हे शब्द असले की जाहिरात दिसत नाही. (प्राइस टाकताना मी जरा घाई केली, कारण टाकी साफ करायचा रेट विचारणारा पण प्राइसच टाइप करतो, मग ते काढून १००० लिटर टाकलं. तुम्ही आधी विचार करा.)

आता कन्व्हर्जन. म्हणजे आपल्याला हवी ती गोष्ट घडली, मामाच्या बाबतीत फोन आला. रिपोर्टमध्ये कन्व्हर्जन ६० दिसत होते आणि मामा म्हणत होता फोन आले फार तर १०. खोदून बघितलं तर आधी ज्याने सेटअप केलं होतं त्याने कॉन्टॅक्टचं पान उघडलं की कन्व्हर्जन असं लावून ठेवलेलं!! पान उघडणं म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. कुठलाही दुसरा आकडा बघायच्या आधी हे तपासा, की कन्व्हर्जन म्हणून नक्की काय मोजलं जातंय. जाहिरातीवरून आलेले कॉल मोजत असाल तर किती सेकंदांच्या वरचा कॉल धरायचा ते आपण ठरवू शकतो, न बदललं तर ६० सेकंद असतं.

तर खरे कन्व्हर्जन १०. २०० क्लिकमधून १० म्हणजे कन्व्हर्जन रेट ५ टक्के, आणि ५००० भागिले १० म्हणजे एका फोनची किंमत ५०० रुपये. ही कॉस्ट पर कन्व्हर्जन.

इथून खरी गंमत. १० पैकी कामं मिळाली ४, एका कामाचे १८०० रुपये, म्हणजे ५००० च्या खर्चावर ७२०० चा धंदा. धंदा भागिले जाहिरातीचा खर्च, याला रोआस म्हणतात, इथे १.४४. मामा खूष, "म्हणजे फायद्यात आहे की!" म्हटलं मामा, थांब. पोरांची मजुरी, पेट्रोल, केमिकल जाऊन एका कामात हातात उरतात ९००. चार कामांचे ३६००. आणि ५००० वर १८ टक्के जीएसटी धरून खिशातून गेले ५९००, मामाचं जीएसटी रजिस्ट्रेशन नाही त्यामुळे क्रेडिट पण मिळत नाही. म्हणजे २३०० रुपये तोटा. रोआस एकच्या वर असून.

म्हणून म्हणतो खालून वर वाचा. एका कामात ९०० उरतात, १० फोनला ४ कामं, म्हणजे एका फोनला जास्तीत जास्त ३६० परवडतात, जीएसटी बाजूला काढला तर साधारण ३०५. सीपीसी २५ च राहिला तर कन्व्हर्जन रेट सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास पाहिजे, किंवा रेट तोच राहिला तर क्लिक सव्वापंधरा रुपयांना पडला पाहिजे. आता सांगा, नुसत्या सीटीआरवरून यातलं काय कळलं असतं? (सोसायटीने दर सहा महिन्यांनी परत बोलावलं तर गणित बदलतं, तेही धरा, पण खरंच बोलावतात का ते वहीत बघून.)

क्वालिटी स्कोअरची फार लोकं धास्ती घेतात. १ ते १० मध्ये असतो, कीवर्ड, जाहिरात आणि वेबसाइटचं पान एकमेकांना धरून आहेत का याचा अंदाज देतो, कमी असेल तर पान सुधारा, बाकी त्यावर झोप घालवू नका. इम्प्रेशन शेअर (जेवढ्या वेळा दिसू शकलो असतो त्यातले किती वेळा दिसलो) मात्र बघा, पण हिशोब फायद्यात आल्यावरच. बजेट संपल्यामुळे किती वेळा दिसलो नाही तेही तिथे कळतं, तोट्यात असताना बजेट वाढवलं तर तोटाच वाढणार.

आणि एक, रोज सकाळी चहा पिताना स्वतःची जाहिरात दिसते का म्हणून गूगलवर शोधू नका. मामा हे करायचा. इम्प्रेशन वाढतं, क्लिक होत नाही, सीटीआर उगाच पडतो. त्यासाठी अकाउंटमध्येच प्रिव्ह्यूचं टूल आहे. २०-३० क्लिकवर निकाल पण लावू नका, एखादा फोन इकडचा तिकडे झाला की टक्के उड्या मारतात.

मामाला मी आता एकच काम लावलंय, फोन आला की वहीत तारीख, एरिया, आणि काम मिळालं की नाही. महिन्याच्या शेवटी ती वही आणि रिपोर्ट शेजारी ठेवून बसतो आम्ही.