ट्रंकेतलं पदक: ओळखायचं कसं, शोधायचं कसं, जपायचं कसं

सिन्नर, निफाड, भगूर, देवळाली, नाशिक जिल्ह्यात कुठेही जुन्या फौजी घरातली काळी ट्रंक उघडली की तळाशी फडक्यात गुंडाळलेली दोन-चार पदकं निघतात. सोबत घरातलं ठरलेलं वाक्यही असतं: "आजोबांना वीरचक्र मिळालं होतं." कधी ते खरं असतं. पुष्कळदा मात्र ते मोहिमेत भाग घेतल्याबद्दल त्या आघाडीवरच्या सगळ्यांना मिळालेलं पदक असतं. त्यात कमीपणा काहीच नाही, पण शौर्यपदक वेगळं आणि मोहिमेचं पदक वेगळं. हा फरक घरबसल्या ओळखता येतो.

सुरुवातीलाच एक पथ्य: पदक घासू नका. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, ब्रासो, काहीही नको. कांस्यावर चढलेला तपकिरी थर हा मळ नसतो, तो धातूला राखतो. घासलं की पदक देवघरातल्या तांब्यासारखं लखलखतं खरं, पण कडेवरची बारीक अक्षरं झिजतात, आणि पदक कुणाचं हे सांगणारा धातूवरचा पुरावा तोच असतो.

कड वाचायची ती अशी. हात कोरडे करा, सुती हातमोजे असतील तर घाला. खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च कडेला जवळजवळ समांतर धरा आणि पदक हळूहळू फिरवा. वरून पडणाऱ्या उजेडात गुळगुळीत वाटणारी कड तिरप्या उजेडात अक्षरं दाखवते. बहुधा क्रमांक, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट अशी ओळ सापडते. क्रमांकाआधी 'जेसी' असेल तर तो नायब सुभेदार, सुभेदार यांच्या पातळीचा माणूस. 'आयसी' असेल तर कायम कमिशन मिळालेला अधिकारी. फोटो चार-पाच तुकड्यांत घ्या, प्रत्येकात आधीच्या फोटोतली दोन-तीन अक्षरं पुन्हा येऊ द्या. दुसऱ्या महायुद्धातले सहा टोकांचे तारे (बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार) बहुधा नाव न कोरताच दिले गेले. त्यामुळे कोरा तारा दिसला म्हणून तो नकली समजू नका.

आता पुढची बाजू. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. महावीर चक्र आणि वीर चक्र ही दोन्ही चांदीची गोल पदकं आहेत. पाच टोकांचा तारा त्या गोलावर उठावात असतो, टोकं कडेला टेकतात आणि मधोमध सोनेरी मुलामा दिलेल्या उंचवट्यावर राजमुद्रा असते. याउलट 1965चा समर सेवा स्टार, 1971चे पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार यांचा आकारच ताऱ्याचा आहे, रंग कांस्याचा. थोडक्यात, कडा ताऱ्यासारख्या कापलेल्या असतील तर ते मोहिमेचं पदक. बोट फिरवलं तरी कळतं.

फितीवरून मदत होते. परमवीर चक्राची फीत निव्वळ जांभळी. महावीर चक्राची अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. अशोक चक्राच्या हिरव्या फितीवर एक केशरी रेघ, कीर्ती चक्राच्या दोन, शौर्य चक्राच्या तीन. सेना मेडलची फीत लाल, मधोमध पांढरी रेघ. पण फितीवर एकट्या विसंबू नका, कारण ती जीर्ण झाली की घरचे दुकानातून दुसरी आणून लावतात आणि कधी भलतीच लागते. सेना मेडल शौर्यासाठीही मिळतं आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही. त्यातलं कोणतं, हे मानपत्रावरूनच, म्हणजे पदक कशाबद्दल दिलं ते सांगणाऱ्या अधिकृत मजकुरावरूनच ठरतं. मोहिमेच्या पदकाच्या फितीवर कमळाचं इवलंसं पान टाचलेलं दिसलं तर ते जपून ठेवा. रणवृत्तात नावाचा उल्लेख झाल्याची ती खूण असते आणि फीत बदलताना हमखास हरवते.

कागद शोधण्याआधी काही तारखा डोक्यात हव्यात, नाहीतर चुकीच्या वर्षात चाळत बसाल. परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही तिन्ही 26 जानेवारी 1950 रोजी स्थापन झाली, पण लागू धरली गेली 15 ऑगस्ट 1947पासून. म्हणून 1947-48च्या काश्मीर युद्धातल्या पराक्रमाची घोषणा 1950मध्ये किंवा त्यानंतरही सापडते. शत्रूसमोरच्या लढाईबाहेरच्या शौर्यासाठीचं अशोक चक्र 4 जानेवारी 1952 रोजी आलं, तेही तीन वर्गांत. 1967मध्ये दुसऱ्या वर्गाला कीर्ती चक्र आणि तिसऱ्याला शौर्य चक्र अशी नावं मिळाली. 1960च्या कागदात शौर्य चक्र शोधाल तर सापडणार नाही. तिथे 'अशोक चक्र, वर्ग 3' असं शोधायचं. 15 ऑगस्ट 1947पूर्वीचा पराक्रम असेल तर ब्रिटिश काळातली पदकं पाहा. इटलीतल्या लढाईबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव संगमनेरजवळच्या निमजचे, म्हणजे आपल्या शेजारचेच.

परमवीर चक्राचा दावा तपासायला पाच मिनिटं पुरतात. आजवरचे मानकरी 21, त्यांतले 14 मरणोत्तर, आणि सगळ्यांची नावं जाहीर आहेत. मेजर धनसिंग थापांचं परमवीर 1962मध्ये आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं होतं. ते युद्धकैदी असून जिवंत आहेत हे नंतर कळलं. जुन्या यादीत आकडा वेगळा दिसला तर हे लक्षात ठेवा. पदक कांस्याचं, व्यास 1 पूर्णांक 3/8 इंच म्हणजे सुमारे 35 मिलिमीटर. मधोमध राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं, मागे हिंदी-इंग्रजीत नाव आणि कमळं. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी पदकाची रचना करण्याचं काम सोपवलं ते सावित्री खानोलकरांकडे. त्या जन्मानं युरोपातल्या, विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झाल्या, मराठी आणि संस्कृत शिकल्या. दधीची ऋषींच्या अस्थींच्या वज्राची कल्पना त्यांचीच. पहिलं परमवीर मेजर सोमनाथ शर्मांना मिळालं, आणि ते नेमके खानोलकरांच्या थोरल्या मुलीच्या दिरांपैकी. असा योगायोग कथेत कुणी लिहिला तर आपण नाक मुरडू.

शोध सुरू करायचा तो संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावरून. तिथे नसेल तर भारताचं राजपत्र, त्यातल्या राष्ट्रपती सचिवालयाच्या अधिसूचना. नावानं नाही, क्रमांकानं शोधा. इंग्रजीत आडनावांची वाट लागलेली असते, आणि जुन्या नोंदींत कित्येक जवानांचं आडनावच नसतं. हुद्दाही पराक्रमाच्या वेळचा पाहायचा, निवृत्तीचा नाही.

तरीही अडलं तर रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला लिहा. तोपखान्याचं कार्यालय इथेच नाशिक रोड कॅम्पात आहे. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, बॉम्बे सॅपर्ससाठी पुण्याची खडकी, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातलं सागर. अर्जात क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, भरतीचं आणि निवृत्तीचं वर्ष आणि तुमचं नातं लिहा. सोबत डिस्चार्ज बुक आणि पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत जोडा. मूळ कागद कधीच पाठवू नका. 'आजोबांची सगळी माहिती द्या' असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं. 'अमुक क्रमांकाच्या सैनिकाला मिळालेल्या पदकांची यादी आणि मानपत्राची प्रत' असं नेमकं मागा. अर्ज लिहायला अडचण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

जपण्याबाबत, नाशिकचा पावसाळा हा मुख्य शत्रू. प्रत्येक पदक आम्लमुक्त कागदात वेगळं गुंडाळा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर त्या दर महिन्याला बदला. रबर बँड आणि लोकर चांदीजवळ नको, त्यांतल्या गंधकानं ती काळी पडते. कांस्यावर फिकट हिरवा, भुकटीसारखा सुटणारा गंज दिसला तर ते पदक लगेच बाकीच्यांपासून बाजूला काढा आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. घट्ट बसलेला हिरवट-तपकिरी रंग मात्र निरुपद्रवी. चौकटीत लावायची असतील तर थेट ऊन येणारी भिंत टाळा, जांभळा रंग उडतो. गोंद न वापरता फीत सुती दोऱ्यानं टाचा. सर्वोच्च पदक पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येतं. मूळ फीत विरली असली तरी फेकू नका. नवी लावा आणि जुनी पाकिटात घालून त्याच चौकटीच्या मागे ठेवा.