अंगठा रात्रीत सुजला, युरिक ॲसिड वाढलंय, आता काय करायचं

रात्री झोपताना पाय चांगला होता आणि पहाटे तीनला अंगठ्याच्या मुळाशी नुसती आग, लालबुंद सूज, चादर लागली तरी सोसेना. आमच्या मामांना पहिल्यांदा असं झालं तेव्हा सगळ्यांना वाटलं ठेच लागली असणार, कारण कोल्हापुरी चपलेचा अंगठा पायात जाईना. दोन दिवस हळद-चुना लावून काढले, पण तो गाऊट होता, म्हणजे युरिक ॲसिड वाढून होणारी सांधेदुखी.

आपल्या शरीरातलं आणि खाण्यातलं प्युरिन नावाचं द्रव्य मोडून युरिक ॲसिड तयार होतं आणि ते जास्त करून किडनीवाटे बाहेर जातं. रक्तात ते साधारण ६.८ mg/dL च्या वर राहायला लागलं की सांध्यात सुईसारखे बारीक खडे जमतात.

ॲटॅक आला की पाय उशीवर ठेवा, बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं लावा, चोळू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सुजेवरची गोळी जितकी लवकर सुरू तितका आराम लवकर. मेडिकलमधनं मनानं पेनकिलर आणू नका, विशेषतः किडनीचा, बीपीचा, अल्सरचा त्रास असेल तर अजिबात नाही. ताप, थंडी असेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो, मग थांबायचंच नाही. आणि ॲटॅकमध्ये युरिक ॲसिड नॉर्मल आलं तरी हुरळून जाऊ नका, बऱ्याचदा तसंच येतं, दोन-चार आठवड्यांनी परत टेस्ट करा.

आता रश्श्याचं. मामा म्हणायचे, मी मटण कुठं खातो, नुसता पांढरा रस्साच पितो की. अहो पण मटण शिजताना त्यातलं प्युरिन पाण्यात उतरतं आणि त्याच अळणीचा, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याचा, पांढरा होतो! त्यामुळे वाटीवर वाटी ओढायची सवय मोडा. काळीज, गुर्दे, भेजा बंद, बिअर आणि दारू बंद, कोल्ड्रिंकही बंद, त्यातली साखर युरिक ॲसिड वाढवते हे कुणी सांगतच नाही. डाळी, पालक मात्र लोक उगाच सोडतात, त्यानं गाऊट वाढत नाही. बिनसायीचं दूध, ताक चांगलं. वजन हळूहळू उतरवा, कडक उपास केला तर उलट ॲटॅक येतो.

पण नुसत्या पथ्यानं आकडा फार खाली येत नाही, हे मला मनापासून सांगायचंय. ॲटॅक परत परत येत असतील, किडनी स्टोन असेल, कानावर-बोटांवर गाठी आल्या असतील तर ॲलोप्युरिनॉलसारखी रोजची गोळी लागते. कमी डोसनं सुरू करून आकडा ६ च्या खाली येईपर्यंत डॉक्टर वाढवत नेतात. सुरवातीच्या महिन्यांत खडे विरघळताना ॲटॅक येऊ शकतो, तिथंच लोक घाबरून गोळी सोडतात, मामांनीपण सोडलेली आणि वर्षभरात घोटा धरला. दुखणं थांबलं तरी गोळी चालूच ठेवायची, ॲटॅकमध्येसुद्धा. फक्त अंगावर पुरळ उठलं तर लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवा. आणि बीपीच्या गोळ्यांची पट्टी सोबत न्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी युरिक ॲसिड वाढतं, ती बदलता येते का विचारा.