मांजर ट्रे सोडून गादीवर शू करतंय? मग या क्रमाने जा

गादीवर शूचा वास आला की घरात कुणीतरी म्हणतंच, "काल ओरडले ना, म्हणून मुद्दाम केलं." मांजर सूड उगवायला शू करत नाही. त्याला दुखतंय, शू-शीसाठी ठेवलेला ट्रे पटलेला नाही, किंवा कशाची तरी धास्ती बसली आहे. थोबाडीत मारून किंवा नाक घासून एवढंच होतं, की ते पुढच्या वेळी कपाटामागे लपून करतं.

आधी डाग वाचा

जमिनीवर किंवा चादरीवर चांगलं थारोळं असेल, तर मांजर बसून मोकळं झालंय. भिंतीवर, पडद्यावर, सोफ्याच्या बाजूला ओघळ दिसले, तर तो फवारा आहे. फवारा मारताना मांजर उभंच असतं. शेपटी ताठ वर आणि तिचं टोक थरथरत असतं. ही हद्द आखण्याची खूण. नसबंदी न झालेले बोके यात पुढे, पण भाट्याही (मादी मांजरं) मारतात. इथे ट्रे बदलून फारसं साधत नाही, नसबंदी करून घ्या. बहुतेक बोक्यांचं त्यानंतर थांबतं किंवा खूप कमी होतं, फक्त काही आठवडे धीर धरावा लागतो. खिडकीत सोसायटीतला दुसरा बोका येऊन बसत असेल, तर खालच्या काचेला कागद चिकटवा.

मग डॉक्टर

थारोळं असेल तर ट्रेला नावं ठेवण्याआधी लघवी तपासून घ्या. मूत्राशयाची सूज, खडे, मधुमेह, म्हाताऱ्या मांजरात किडनीचा त्रास किंवा सांधेदुखी, यांपैकी काहीही निघू शकतं.

बोका असेल तर जास्तच सावध राहा. तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय, जोर करतोय, केविलवाणा ओरडतोय, मागचा भाग सारखा चाटतोय आणि लिटर (ट्रेमधली शू शोषणारी वाळू) मात्र कोरडंच आहे? लोक याला बद्धकोष्ठ समजतात आणि तूप पाजत बसतात. बऱ्याचदा मूत्रमार्ग तुंबलेला असतो. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, त्यामुळे रात्र असली तरी दवाखाना गाठा. आपली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजराला ती विष आहे.

फिनाईल बाजूला ठेवा

आपल्याकडे वास आला की हात फिनाईलकडेच जातो. फिनाईलमधल्या फिनॉलसारख्या घटकांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही. ते पुसलेल्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं. पाण्यात टाकलं की दुधाळ होणारी जंतुनाशकंही तशीच. ब्लीच शूवर ओतलं तर नाकाडोळ्यांना झोंबणारा विषारी वायू तयार होतो. शिवाय आपल्याला वास गेल्यासारखा वाटला, तरी मांजराच्या नाकाला तो उरतोच आणि ते त्याच जागी परत येतं.

जुन्या सुती कपड्याने डाग दाबून टिपा, घासू नका. मग पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाइमवालं क्लीनर भरपूर ओता. गादीत शू जितकी खोल गेली, तितकं खोल ते मुरलं पाहिजे. नुसतं वरून फवारून उपयोग नाही. बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा आणि वाऱ्यावर वाळू द्या. जुने डाग सापडत नसतील तर रात्री दिवे घालवून यूव्ही टॉर्च मारा. डाग चमकतात.

ट्रेची झडती

जितकी मांजरं, त्याहून एक ट्रे जास्त, आणि वेगवेगळ्या जागी. दुकानातले ट्रे बरेचदा लहान असतात. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट ट्रे हवा. कपडे भिजवायचा पसरट टब उत्तम चालतो, म्हाताऱ्या मांजरासाठी एक बाजू कापून बुटकी करा. झाकणवाला ट्रे आपल्या सोयीचा असतो, आत वास कोंडतो तो मांजराच्या नशिबी. लिटर बारीक, बिनवासाचं, दोन-तीन इंच जाडीचं. लॅव्हेंडरचा सुगंध तुमच्यासाठी असतो, त्याला तो नको असतो. दिवसातून दोनदा लिटरमधले शू-शीचे खडे काढा.

जागा वॉशिंग मशीनशेजारची नको. बाथरूममध्ये ठेवत असाल तर पाहुणे आल्यावर दार लागतं का, तेही बघा. पावसाळ्यात बाल्कनीत झड येऊन लिटरचा चिखल होतो आणि मांजर सरळ सोफा गाठतं.

सवय मोडताना

काही दिवस बेडरूमचं दार बंद ठेवा, नाहीतर गादीवर प्लॅस्टिक अंथरा. साफ केलेल्या जागी जेवणाची वाटी ठेवली तर बहुतेक मांजरं तिथे शू करायचं टाळतात. एकाच कोपऱ्याचा हट्ट असेल, तर ट्रे तिथेच मांडा. आठवडाभर वापरला की रोज चार बोटं सरकवत हव्या त्या जागी न्या. मध्येच पुन्हा बाहेर केलं, तर ट्रे दोन दिवसांपूर्वीच्या जागी मागे घ्या आणि तिथून परत सुरू करा.