कॅथलिक प्रेप स्कूलला मूल घालताय? थिऑलॉजीकडे, म्हणजे धर्माच्या विषयाकडे, आधी बघा

सॅन फ्रान्सिस्को बे एरियात मूल आठवीत गेलं की मराठी घरांमध्ये चर्चा सुरू होते, बेलरमिनसारख्या कॅथलिक हायस्कूलला अप्लाय करायचं का, मिटीला करायचं का, आणि आपण हिंदू आहोत तर घेतील का. घेतात हो. इथल्या कॅथलिक हायस्कूल्समध्ये दुसऱ्या धर्मांची भरपूर मुलं असतात. न्यूयॉर्कच्या रेजिस हायस्कूलसारख्या शाळा वेगळ्या, तिथे फी अजिबात नाही पण मुलगा बाप्तिस्मा झालेला कॅथलिकच लागतो. सॅन होजेची बेलरमिन जेझुइट (सेंट इग्नेशियस यांनी काढलेल्या कॅथलिक संघातल्या) फादरांची, १८५१ ची, फक्त मुलग्यांची. मिटीत मुलगे-मुली दोन्ही, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट इग्नेशियसमध्येही १९८९ पासून मुलींना घेतात.

प्रवेशासाठी बऱ्याच शाळा एचएसपीटी (हायस्कूल प्लेसमेंट टेस्ट) ही परीक्षा मागतात. पाच भाग, २९८ प्रश्न, साधारण अडीच तास, कॅल्क्युलेटर नाही. व्हर्बलला (शब्दांच्या भागाला) ६० प्रश्न आणि वेळ फक्त १६ मिनिटं, म्हणजे विचार करत बसलात तर संपलंच, त्यामुळे घरी सराव करताना घड्याळ लावूनच करायचा. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून शेवटच्या मिनिटाला उरलेले सगळे गोल भरून टाकायचे, एकही रिकामा ठेवायचा नाही. बहुतेक ठिकाणी ही परीक्षा एकदाच द्यायची असते, सहज बघू म्हणून देऊ नका. फी वर्षाला २० हजार डॉलरच्या वर जाते, आणि फायनान्शियल एडचा फॉर्म अॅडमिशनच्या फॉर्मपेक्षा वेगळा असतो, त्याची तारीखही वेगळी असू शकते, तेव्हा अॅडमिशन मिळाल्यावर बघू असं करू नका, दोन्ही बरोबरच भरा.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे बहुतेक पालक मॅथ ऑनर्स, एपी (कॉलेजच्या पातळीचे कोर्स) आणि रोबोटिक्स बघून शाळा निवडतात आणि थिऑलॉजी म्हणजे सहन करायचा विषय असं मुलांना न बोलता शिकवतात. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. थिऑलॉजी साधारण चारही वर्षं असते, सगळ्यांना कंपल्सरी, आणि शाळेच्या जीपीएमध्ये (ग्रेडच्या सरासरीत) ती बाकीच्या विषयांसारखीच धरतात. (युसीवाले, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, जीपीए त्यांच्या ए-टू-जी यादीतल्या कोर्सेसवरून काढतात आणि थिऑलॉजीचे सगळे कोर्स त्यात येत नाहीत, ते काउन्सेलरला विचारून घ्या.) त्यात नुसत्या प्रार्थना नसतात, बायबल कसं वाचायचं, चर्चचा इतिहास, नीतिशास्त्र, जगातले धर्म, आणि लिहायचं खूप असतं, मूल युक्तिवाद करायला शिकतं ते बरंचसं याच वर्गात. हिंदू मुलाने तिथे कॅथलिक असल्याचा आव आणायचा नाही आणि गप्पही बसायचं नाही, मी वेगळ्या घरातून आलोय आणि मला हे असं दिसतं, हे नीट मांडलं की शिक्षकांना ते फार आवडतं.

आणि आपल्या मुलांकडे सांगण्यासारखं किती आहे बघा. सेंट फ्रान्सिस झेवियर हे इग्नेशियसच्या पहिल्या सोबत्यांपैकी, १५४२ मध्ये गोव्यात आले, त्यांचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे, आपल्यातल्या कितीतरी जणांनी ट्रिपमध्ये ते चर्च बघितलेलं असतं. थॉमस स्टीफन्स या इंग्लिश जेझुइट फादरांचं क्रिस्तपुराण, तेही मराठी ओव्यांमध्ये, १६१६ मध्ये छापलं गेलं. जेझुइट शाळेत मराठी मुलाला पेपरसाठी याहून चांगला विषय कुठला मिळणार, आजी-आजोबांना फोन करून चार ओव्यांचा अर्थ लावून घेता येतो ते वेगळंच.

मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक प्रार्थना) असते तेव्हा सगळ्या शाळेला जावं लागतं. मुलाला आधीच सांगून ठेवा: सगळे उभे राहिले की उभं राहायचं, कम्युनियन (मिस्सेत फादर देतात तो पवित्र प्रसाद) मात्र घ्यायचं नाही, ते कॅथलिकांसाठी असतं. एक तर जागेवर बसून राहायचं, नाहीतर रांगेत जाऊन दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे, मग फादर नुसता आशीर्वाद देतात. पहिल्याच मिस्सेला हे माहीत नसलं की पोरं खूप गोंधळतात. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ, तो अॅश वेन्सडेला सुरू होतो. अॅश वेन्सडेला आणि लेंटमधल्या शुक्रवारी कॅथलिक मांस खात नाहीत, म्हणून त्या दिवशी कॅन्टीनमध्ये शाकाहारी मुलांना जास्त पर्याय मिळतात.

सर्व्हिसचे (समाजसेवेचे, शाळेने ठरवून दिलेले) तास शेवटच्या महिन्यात उरकायला जाऊ नका. फूड बँक, वृद्धाश्रम, लहान मुलांना शिकवणं, एकच जागा धरा आणि तिथेच परत परत जाऊ द्या, माणसं ओळखीची झाली की मूल स्वतःहून जातं आणि तासांचा हिशोब मागे पडतो. उन्हाळ्यातच सुरुवात करा कारण अकरावीत ऑक्टोबरला पीएसएटी (एसएटीची पूर्वपरीक्षा), मे मध्ये एपी, मध्ये स्पोर्ट्स, तेव्हा वेळच उरत नाही. एपीसुद्धा शेजारच्याने पाच घेतले म्हणून पाच नकोत, मूल रात्री किती वाजता झोपतंय ते बघून ठरवा.

अकरावी-बारावीत बऱ्याच शाळांमध्ये कायरोस नावाचं तीन-चार दिवसांचं रिट्रीट (शाळेपासून दूर, मनन-चिंतनाचं शिबिर) असतं, फोन काढून घेतात. धर्मांतर करतील की काय अशी भीती काही आजी-आजोबांना वाटते, तसं काही नसतं, मुलं एकमेकांशी आणि स्वतःशी खरं बोलतात. त्याच्या आधी शाळा पालकांकडून पत्र मागते. ते व्हॉट्सअॅपवरून उचललेलं नको, आई-बाबांनी वेगवेगळं, हाताने लिहा, मुलाला देवनागरी येत असेल तर मराठीत लिहा, आणि मार्कांबद्दल त्यात एक ओळही नको. परत आल्यावर खोदून विचारू नका, जेवढं सांगतील तेवढं ऐका.