टेस्ट बेंचवर मोजणी घेण्याआधी: डॅक कार्डाची तयारी

डॅक (DAQ) कार्ड म्हणजे सेन्सरचे व्होल्टेज वाचून संगणकाला आकडे देणारं कार्ड; त्याचं प्रत्येक इनपुट म्हणजे एक चॅनेल. आधी कागदावर तक्ता आखा. कोणत्या चॅनेलला कोणता सेन्सर, तो किती व्होल्ट देणार, त्याचं एखादं टोक अर्थ झालंय की तो तरंगता आहे. हा शेवटचा रकाना हमखास रिकामा राहतो आणि मग अख्खा दिवस ५० हर्ट्झच्या हममागे (मेन्सच्या विजेतून सिग्नलमध्ये शिरणाऱ्या गोंगाटामागे) जातो.

मग रेंज. १६ बिटचं कार्ड उणे १० ते अधिक १० व्होल्टवर ठेवलं तर एक पायरी (कार्डाला ओळखता येणारा सर्वांत लहान फरक) साधारण ०.३ मिलिव्होल्टची होते. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा लोड सेल (भार मोजणारा सेन्सर) १० व्होल्ट सप्लायवर पूर्ण भाराला देतो जेमतेम २० मिलिव्होल्ट, म्हणजे सगळा भार ६५ पायऱ्यांत कोंबायचा. के टाइप थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या दोन धातूंच्या तारांच्या जोडीचं) तर विचारूच नका: अंशाला ४१ मायक्रोव्होल्ट, एका पायरीत सात अंश गडप. ही चॅनेल उणे ०.२ ते अधिक ०.२ व्होल्टवर घ्या. पायरी ६ मायक्रोव्होल्टवर येते. कोल्ड जंक्शनचा (थर्मोकपलच्या तारा कार्डाला जिथे जोडतात त्या जागेचं तापमान मोजणारा) सेन्सर टर्मिनलला लागूनच असू द्या, आणि तिथे पंख्याचा झोत नको.

लहान सिग्नल डिफरन्शियलच जोडा, म्हणजे सेन्सरची दोन्ही टोकं दोन इनपुटना देऊन त्यांच्यातला फरक मोजा. सोळाची आठ चॅनेल होतात, ते सोसा. सेन्सर तरंगता असेल तर उणे टोकापासून अॅनालॉग ग्राउंडला १० ते १०० किलोओहमचा रेझिस्टर लावा; नाहीतर बायस करंटला (कार्डाच्या इनपुटमधल्या अगदी छोट्या प्रवाहाला) वाट मिळत नाही आणि आकडा सरकत सरकत रेंजच्या टोकाला जाऊन बसतो. आधीच अर्थ झालेल्या सेन्सरला तो लावू नका. शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा. ४–२० मिलिअँपिअरच्या ट्रान्समीटरला (मापन प्रवाहाच्या रूपात पाठवणाऱ्या) त्या प्रवाहाचं व्होल्टेज करणारा २५० ओहमचा रेझिस्टर ०.१ टक्क्याचा घ्या. पाच टक्क्यांचा लावून कार्डाच्या अचूकतेवर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता खरी मेख. बऱ्याच कार्डांत चॅनेल सोळा असली तरी एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) एकच असतो. मल्टिप्लेक्सर नावाचा स्विच एकेक चॅनेल त्याच्यापुढे आणतो. ८ व्होल्टच्या चॅनेलवरून थेट २० मिलिव्होल्टच्या चॅनेलवर आलात, तर आतला आधीचा चार्ज पुरता निवळायच्या आतच वाचन होतं. सेन्सरचा इम्पीडन्स (आतला अडथळा) जास्त असेल तर निवळायला आणखी वेळ लागतो. हे तपासणं सोपं आहे: एका चॅनेलला १.५ व्होल्टचा सेल जोडा, पुढचं चॅनेल ग्राउंडला शॉर्ट करा आणि खऱ्या वेगाने स्कॅन करा. मग वेग निम्म्यावर आणा. शॉर्ट केलेल्या चॅनेलचा आकडा वेगाबरोबर बदलला, तर दोष इथेच आहे. मग एकसारख्या रेंजची चॅनेल सलग ठेवा, मोठ्या आणि लहान सिग्नलच्या मध्ये एक ग्राउंड केलेलं चॅनेल वाचा, दोन चॅनेलमधला अवधी वाढवा. सेन्सरचा इम्पीडन्स १ किलोओहमच्या वर असेल तर मध्ये बफर (तोच सिग्नल कमी इम्पीडन्सने पुढे देणारा अॅम्प्लिफायर) टाका. मोकळ्या चॅनेलवर शेजारचा सिग्नल दिसतो म्हणून कार्ड बदलून मागणारेही भेटतात. वापरात नसलेली चॅनेल ग्राउंड करून ठेवली की तो प्रश्न उरत नाही.

डेटाशीटमधला २,५०,००० सॅम्पल प्रति सेकंद हा वेग अशा कार्डात सगळ्या चॅनेलचा मिळून असतो. दहा चॅनेल घेतली तर प्रत्येकी २५,०००. शिवाय वाचनं एकापाठोपाठ होतात: २० मायक्रोसेकंदांचं अंतर ५० हर्ट्झला ०.३६ अंश फेज खातं. तापमानाला त्याचं काही नाही, पण पॉवर फॅक्टर मोजायचा असेल तर प्रत्येक चॅनेलला वेगळा एडीसी असलेलं कार्ड मागवा. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) जवळ असेल तर अँटी-एलिआसिंग फिल्टर (वाचनाच्या वेगाला न झेपणाऱ्या, खोट्या लहरी दाखवणाऱ्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) एडीसीच्या आधी हवा. सॉफ्टवेअरमधला फिल्टर फार उशिरा येतो. संथ सिग्नलची सरासरी २० मिलिसेकंदांच्या (५० हर्ट्झच्या एका आवर्तनाच्या) पटीत घ्या, म्हणजे हम कटतो.

मोजणीच्या दिवशी कार्ड आणि सिग्नल कंडिशनर (सेन्सरचा सिग्नल कार्डाजोगा करणारं उपकरण) पंधरा-वीस मिनिटं आधी चालू करा आणि नंतरच सेल्फ-कॅलिब्रेशन चालवा. मोटर बंद ठेवून मिनिटभर रेकॉर्ड करा, मग व्हीएफडी चालू करून तेवढंच. दोन्ही फाइली तक्त्यासोबत जपा.