खाचा शाबूत, पण टायर जुना: बाईकचा टायर कधी बदलावा

कोकणात बाईकचे टायर दोन तऱ्हांनी संपतात. रोज लांजा-रत्नागिरी किंवा कुडाळ-मालवण फेरा मारणाऱ्याचा टायर घासून संपतो आणि ते डोळ्यांना दिसतं. दुसरी बाईक चाकरमान्यांची. ती शिमग्याला बाहेर निघते, मे महिन्यात थोडी फिरते, मग थेट गणपतीला. मधले महिने पडवीत नाहीतर मांगरात उभी. तिच्या टायरची नक्षी सहा वर्षांनीही नव्यासारखी दिसते आणि तिथेच माणूस फसतो. रबर जुनं होऊन कडक झालं की खाचा कितीही खोल असोत, ओल्या रस्त्यावर टायर धरत नाही.

उभ्या गाडीचा टायर खराब का होतो, ते आधी समजून घ्या. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला भेगा पाडतो. त्यापासून बचाव व्हावा म्हणून रबरात मेण आणि काही रसायनं मिसळलेली असतात. चाक फिरताना टायर सतत दबतो-सुटतो, तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभी राहिली की हे जवळपास थांबतं. त्यात पत्र्याच्या शेडखालचा एप्रिल-मेचा उकाडा आणि एका बाजूने येणारं ऊन. म्हणून पुष्कळदा उन्हाकडच्या बाजूलाच भेगा जास्त सापडतात.

आधी तारीख वाचा

टायरच्या बाजूच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा, जूनची सुरुवात. बऱ्याच टायरवर हे आकडे एकाच बाजूला असतात. नाही दिसले तर दुसऱ्या बाजूला, डिस्कच्या मागे टॉर्च मारून बघा. आकड्यांत तांबडी माती बसलेली असेल तर ओल्या फडक्याने पुसा. वय मोजायचं ते या तारखेपासून, बाईक घेतल्याच्या तारखेपासून नाही.

पाच वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासणी. दहा वर्षं झाली की टायर कसाही दिसो, काढायचाच. मधल्या काळाबद्दल आमचं स्पष्ट मत असं: जी बाईक घाटात आणि पावसात चालणार आहे, तिचा पुढचा टायर सहा वर्षांपलीकडे ओढू नये. मागचा लवकर घासतो म्हणून तो बदलला जातो, पुढचा मात्र वर्षानुवर्षं तसाच राहतो. आणि जोरात ब्रेक लावला की बहुतेक वजन पुढच्याच चाकावर येतं.

मग भेगा आणि कडकपणा

दिवसा, उजेडात बघा. बाईक डबल स्टँडवर घ्या. मागचं चाक हाताने सावकाश फिरवत दोन्ही भिंती पूर्ण बघा. पुढच्यासाठी कोणाला तरी मागे बसवून चाक उचलून घ्या. दोन्ही अंगठ्यांनी भिंत दाबा, म्हणजे मिटलेल्या भेगा उघडतात. दाबल्यावरच दिसणाऱ्या, केसासारख्या वरवरच्या भेगा असतील तर लक्ष ठेवा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा. भेगेत नखाची कड अडकत असेल, भेगा खाचांच्या तळाशी असतील, रिमलगत गोल फिरत गेल्या असतील किंवा आतले दोरे दिसत असतील, तर टायर संपला. भिंतीवर फुगवटा असेल तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका. चाक काढून न्या.

कडकपणासाठी नक्षीच्या मधल्या ठोकळ्यात अंगठ्याचं नख जोर देऊन रोवा. चांगल्या रबरात खूण उमटते आणि हळूहळू भरून येते. म्हाताऱ्या रबरावर नख घसरतं. अंदाज येत नसेल तर टायरच्या दुकानात नव्या टायरवर नख दाबून बघा, फरक लगेच कळेल.

खाचांची खोली मोजणं

खोली मोजायचा मीटर नसला तर काडेपेटीतली काडी चालते. मधल्या खाचेत उभी रोवा, वरच्या कडेशी नखाने खूण करा आणि पट्टीवर मोजा. तीन-चार ठिकाणी मोजा, कारण टायर सगळीकडे सारखा घासत नाही. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात; भिंतीवर टीडब्ल्यूआय (TWI, म्हणजे टायर किती घासला ते दाखवणारी खूण) लिहिलंय किंवा त्रिकोण आहे, त्याच्या सरळ रेषेत ते सापडतात. नक्षी घासून उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा. नियमाने दुचाकीला किमान 0.8 मिमी खोली लागते. पण आपल्याकडच्या पावसात खाचांनी पाणी बाहेर फेकायचं असतं. पुढे 1.5 आणि मागे 2 मिमी उरले की बदला. घासलेल्या टायरवर नव्या खाचा कापून घेऊ नका. दोऱ्यांवरचं उरलंसुरलं रबरही त्यात जातं.

गाडी बरेच महिने उभी होती आणि चालवताना धप-धप लागतंय, तर टायर जमिनीशी दबून चपटा झालेला आहे. हवा भरून, टायर गरम होईपर्यंत सावकाश चालवा. तरीही धक्का राहिला तर तो टायर घाटात नेऊ नका.

खाऱ्या हवेचा आणि दाभोळ-धोपाव्यासारख्या फेरीबोटीच्या धक्क्यावर उडणाऱ्या पाण्याचा त्रास रबरापेक्षा रिमला जास्त. तारांच्या चाकात रिम आतून गंजते आणि ट्यूबला घासते. म्हणून टायर काढला की रिम पॉलिश पेपरने साफ करून घ्या, ट्यूब आणि रिमची पट्टी नवी टाका. ट्यूबलेसमध्ये टायर जिथे रिमला टेकतो ती कड साफ करून घ्या आणि व्हॉल्व्ह नवा बसवा, नाहीतर नव्या टायरमधूनही हवा थोडी थोडी जात राहते.

बदलायचा तर मे महिन्यात बदला. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले 150 किमी कोरड्या रस्त्यावर, फार न कलंडता आणि जोरात ब्रेक न मारता चालवले की तो खडबडीत होऊन पकड घेतो. हे काम जूनच्या पहिल्या सरीत करायचं नसतं. विकत घेताना दुकानदारासमोरच तारीख वाचा. वर्षभरापेक्षा जुना माल परत करा. मापासोबत वजनाचा आकडा (टायर किती भार पेलतो) आणि वेगाचं अक्षरही (किती वेगापर्यंत चालतो) कंपनीने दिलेल्या टायरचंच किंवा वरचं हवं. बसवल्यावर भिंतीवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना, ते बघा. हवा चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा.

गाव सोडताना बाईक डबल स्टँडवर, सावलीत, इन्व्हर्टर आणि जनरेटरपासून लांब ठेवा, कारण अशा विजेच्या यंत्रांजवळ ओझोन तयार होऊ शकतो. पुढच्या चाकाखाली फळी द्या. टायर चकचकीत दिसावा म्हणून डिझेल, रॉकेल किंवा कुठलंही तेल चोळू नका. त्याने रबर फुगतं आणि खराब होतं. साबणाचं पाणी पुरे. गावात राहणाऱ्या कोणाला तरी महिन्यातून एकदा हवा बघायला आणि पुढचं चाक थोडं फिरवून ठेवायला सांगा.